काचेला लावलेला हात

निवास सुतारानं सोडलेला खेळ पुन्हा धरला, त्या संध्याकाळी त्याच्या घराचं दार त्याच्या खांद्याएवढं झालं.

दार त्यानं स्वतःच केलेलं. बायकोला, शालनला, घेऊन या घरात राहायला आला तेव्हा सागवानी चौकट, त्यावर वेलबुट्टी, आणि गावाला सांगत हिंडला होता की असं दार तालुक्यात दुसरं नाही. आता त्याच दारातून तो मान मोडून आत शिरला. मागून शालन डोक्यावर हंडा घेऊन आली, ती सरळच्या सरळ आत गेली. हंड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

"अहो, वाकून काय चालताय? कंबर धरली का?"

"लचकली जरा," निवास म्हणाला.

आता शपथेचं सांगायला हवं. खंडोबाच्या देवळात, शालनच्या देखत त्यानं बेल-भंडारा उचलला होता. पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही, असं मोठ्यानं म्हणाला होता. आणि पुढं बराच काळ लावलाही नाही, खोटं कशाला बोला! पण मग फोनवर रमी आली. फोनवर पत्त्याला हात लागत नाही, हात लागतो तो काचेला. काच म्हणजे काही पत्ता नव्हे, असं त्यानं मनाशी घोळवून घोळवून पक्कं केलं. देवाला एखाद वेळेस ते पटलंही असेल. दाराला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो लाकडाच्या ढिगामागं बसून खेळला, तर दार बेंबीपर्यंत आलं. निवासनं रंधा काढला. अहो, सुतारच तो, दाराला घाबरतोय होय? वरची पट्टी तासायला घेतली. भुसा पडला, ढलप्या पडल्या, उंबऱ्यावर ढीग झाला, पण दार बोटभर वाढलं नाही.

शालननं ढलप्या झाडून घेतल्या. "चांगल्या दाराला कशाला तासताय?"

"घासत होतं."

"मला नाही घासत."

ती बोलली आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. निवासला वाटलं, भूमी दुभंगावी. पण भूमी होती तशीच राहिली, आणि तो रांगत जेवायला गेला. रांगताना गुडघ्याला भुसा चिकटला, तो त्यानं जेवण होईपर्यंत झटकला नाही. झटकायला गेलो तर ती बघेल, असं वाटून.

मागचं दार त्यानं केलंच नव्हतं. घर बांधताना गवंडी विचारत होता, तर हा छाती फुगवून म्हणाला, एक माझं दार पुरे. खिडक्यांना गज होते, तेही त्यानंच बसवलेले.

मग एका दुपारी त्यानं गिऱ्हाइकाच्या पाळण्याचं सागवान खेळून टाकलं. लेकुरवाळी पोरगी माहेरी यायची होती, तिच्या बापानं विश्वासानं आणून टाकलेलं लाकूड. ते विकलं आणि आलेले पैसे काचेवर घातले. घरी आला तर दाराच्या जागी बरोबर फोन जाईल एवढं भोक उरलं होतं. बाकी सगळी भिंत. तो ओट्यावर बसला.

"जेवायला येताय ना?" आतून शालन.

"भूक नाही."

लाज म्हणजे काय, ते त्याला त्या ओट्यावर कळलं. येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालावा लागत होता.

रामराम घेतलेल्यांत मुबारकभाई होते. लोखंडी गेटं करणारा माणूस, एके काळचा नंबरी जुगारी. ते थांबले. निवासकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, वाकून भोकात बोट घातलं.

"बरंच मोठं आहे की," ते म्हणाले. "माझं किल्लीच्या भोकाएवढं झालं होतं. चला."

ते त्याला अंगणवाडीच्या खोलीत घेऊन गेले. पोरं घरी गेली की तिथं जुगार सोडू बघणारी मंडळी जमायची. अंगणवाडीचं दार चांगलं उंच, बैल आत यावा असं. तरी एकेक माणूस वाकून आत येत होता आणि आत आल्यावर हळूच पाठ सरळ करत होता. एक मास्तर तर सवयीनं रांगतच आले. कुणी हसलं नाही.

"बोला, निवासराव," मुबारकभाई म्हणाले.

"मी पुन्हा खेळलो." निवास म्हणाला. एका बाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. पाणी पिऊन त्यानं पाळण्याचंही सांगितलं. सांगताना रडला, नाक शर्टाला पुसलं.

"आता दार वाढेल ना?"

"दाराचं आम्हाला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "फोन घरात द्या. गुपचूप नाही, सांगून द्या. आणि उद्या परत या इथं."

परत येताना मुबारकभाई सोबत होते. ओट्यापाशी ते मागं थांबले. निवास भोकापाशी बसला, तोंड जवळ नेलं.

"शालन, शपथ मोडली मी. काच पत्ता नाही म्हणून खेळलो. पाळण्याचं लाकूड घालवलं."

आत तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला. मग पैंजण वाजत जवळ आले, आणि आजवर या दारात कधीच न वाकलेली शालन वाकली. भोकातून तिचा एक डोळा दिसला.

"अगंबाई," ती म्हणाली. "एवढंसं झालंय!"

"हो."

"आणि मला कंबर लचकली सांगत होतात?" तिचा आवाज फाटला. "रोज तुमची कंबर शेकत बसत होते मी."

त्याला वर बघवेना. तिनं डोळे पुसले असावेत, कारण थोडा वेळ भोकात पदर दिसला. मग बोटं दिसली.

"द्या इकडं."

निवासनं फोन भोकात घातला. अगदी रंध्यानं बसवल्यासारखा बसला. अर्ध्यावर गेला आणि आपोआप उजळला. काचेवर पत्ते वाटून तयार होते, पानं चांगली आली होती. पलीकडून शालननं तो धरला आणि ओढला.

"सोडा," ती म्हणाली.

"सोडा, निवासराव," मागून मुबारकभाई म्हणाले.

"सोडलाय की," निवास म्हणाला. त्यानं खाली पाहिलं, तर त्याची पाचही बोटं फोनवर आवळलेली होती.