मी शोभेची होडी नव्हे

मला जुनी वस्तू म्हणून बघायला आला असाल, तर आधी ते डोक्यातून काढा. मी उमियाक. कातड्याची होडी. माझी हाडं समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाची, कारण पृथ्वीच्या उत्तर टोकाला, आमच्या बर्फाळ गावात झाड म्हणून उगवत नाही. अंगावर सहा मोठ्या सीलांची कातडी. सांगाड्यात खिळा एकही नाही. सगळे सांधे वादीने बांधलेले, म्हणून बर्फाचा धक्का बसला तर मी मोडत नाही, लवते. लवते म्हणजे नमते असं मात्र समजू नका.

सांगाडा कुनाकच्या आजोबांनी बांधला, पण मला होडीपण दिलं ते बायकांनी. दर दोन-तीन वर्षांनी माझं कातडं बदलतात. उन्हाळ्यातल्या सीलांची कातडी चरबीत मुरवून, केस गळेपर्यंत कुजू द्यायची आणि हिवाळा सरता सरता बायकांनी गोल बसून, ती ओली आहेत तोवर, एका बैठकीत शिवून काढायची. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरते. एक टाका आरपार गेला की समुद्र आत आलाच. या शिवणाची मुखत्यार कुनाकची आई पुयुक. सारं गाव तिला आका म्हणतं, म्हणजे आजी.

कुनाक आमचा नाखवा. पण देवमासा नाखव्याच्या भाल्याला वश होत नाही, तो त्याच्या बायकोच्या पदरात आपण होऊन येतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. म्हणून पुरुष शिकारीला बर्फावर गेले की कुनाकची बायको असियाक घरात शांत बसते. भांडत नाही, धावपळ करत नाही, दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवत नाही. तिचं मन खवळलं तर मासा लांबूनच वळतो. मासा मिळाला की त्याच्या तोंडावर गोडं पाणी ओतून ती त्याची तहान भागवते. लग्न झाल्यापासूनचा तिचा हा नेम.

लागोपाठ दोन वसंत मासा आला नाही. बर्फच धड धरला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण गावाच्या जिभेला हाड कुठलं? असियाकने घरात भांडी आपटली असतील, म्हणाले. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. नेमात उत्तर देणंही बसत नाही. कुनाकचं मन मात्र खचलं आणि त्याने मला एल्मरच्या हवाली केलं.

एल्मर आकाच्या बहिणीचा मुलगा. आकाशातले हिरवे उजेड बघायला विमानाने पाहुणे येतात, त्यांच्यासाठी त्याने मोठा हॉल उघडला होता. उन्हाळ्यात बर्फ फुटेपर्यंत होडी तिथून हलणार नाही, असा शब्द कुनाकने दिला. देवमासा येतो त्याआधीच, वसंतात; म्हणजे तिसरा वसंतही गेला आणि असियाकच्या माथ्यावरचा बोल कायमचा झाला.

मला चौथऱ्यावर चढवलं, भोवती दोरी बांधली. लोक माझ्यासमोर हसून फोटो काढत आणि पाठ फिरवत. एकीने विचारलं, हिच्यात अजून कुणी बसतं का? एल्मर म्हणाला, पूर्वी बसायचे. माझ्या फासळ्या करकरल्या. पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून तो हीटर असा पेटवी की माझं कातडं सुकून ताणत चाललं. उमियाकला ऊब लावायची नसते, हे आमच्याकडचं पोरही जाणतं. एल्मर पाहुणचारात ते विसरला. एका दुपारी तो बोलत असतानाच मी फाटले, चांगली दोन वीत. आवाज असा झाला की पाहुणे दाराकडे पळाले.

आका आणि असियाक आल्या. आकाने फाटक्या जागेवरून हात फिरवला आणि हिला बाहेर काढ म्हणाली.

"कुनाकदादाने शब्द दिलाय," एल्मर म्हणाला. "शब्द मोडला की देवमासा ऐकतो, हे तूच शिकवलंस ना, आका?"

"खरंय बाळा. मोडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात बायका मुरलेली कातडी घेऊन हॉलमध्ये शिरल्या. असियाकने दोरी सोडली. माझं जुनं कातडं उतरवून त्या माझ्याभोवती गोल बसल्या.

"आका, हे काय चाललंय?"

"होडी हलायची नाही म्हणालास. आम्ही बसायचं नाही, असं कुठे म्हणालास?"

मग वास सुटला. उन्हाळ्यापासून चरबीत कुजलेलं कातडं आणि वर एल्मरचा हीटर. पाहुणे नाकाला हातमोजे लावून बाहेर. एल्मरही मफलर गुंडाळून कोपऱ्यात उभा.

"तुझी आई तुला मांडीवर घेऊन याच वासात शिवायची," आका म्हणाली. "तेव्हा नाक नव्हतं वाटतं?"

एक म्हातारी पाहुणी तेवढी मागे राहिली. तिने असियाकला विचारलं, हे आम्हाला दाखवायला करताय का?

"नाही," असियाक म्हणाली. दोन वर्षांत मी तिचा आवाज इतका खणखणीत ऐकला नव्हता. "वसंतात मी घरी बसणार आहे आणि ही पाण्यावर जाणार आहे."

म्हातारी खाली बसली आणि कातड्याची कड ताणून धरू लागली. तिने फोटो काढला नाही. अशीही माणसं असतात.

संध्याकाळपर्यंत शेवटचा टाका पडला. पाहुण्यांपैकी ती म्हातारी तेवढी हॉलमध्ये उरली होती. एल्मर पुढे आला, मफलर काढला आणि ओशाळून म्हणाला, "आका, शब्द मी घेतला होता, मीच सोडतो. घेऊन जा हिला." देणाऱ्याने मोडला तर पाप. घेणाऱ्याने सोडला तर कुणाचंच नाही. कुनाकने सात माणसं बोलावली आणि मला खांद्यावर घेतलं. त्यात एल्मरचाही खांदा होता.

वाऱ्यावर वाळून मी पांढरीफटक झाले. आता वसंतात बर्फाच्या काठावर आहे, तोंड समुद्राकडे; बर्फ दुभंगून पाणी उघडलं की निघायचं. मासा येईल की नाही, ते त्याच्या मनावर. घरी असियाक हात मांडीवर ठेवून बसली आहे आणि तिच्या मनात एक तरंग नाही, हे मी इथून पैजेवर सांगते.

तुम्हाला आमचा वारसा बघायचाय ना? खुशाल बघा, पण मागे राहून आणि न बोलता. तो भिंतीला टांगलेला नसतो, त्याला वास येतो, त्याला समुद्र लागतो. मला लुप्त होत चाललेली म्हणणाऱ्यांनो, जरा बाजूला सरका.

पाणी उघडलंय.