न्हाणीमागची बाग

जागा मी निवडली. दुसऱ्याच्या माथी खापर फोडायची मला सवय नाही, आणि माझी चूक माझ्या तोंडावर सांगणारा आता राहिलाही नाही.

मिठाच्या सत्याग्रहाचं साल. माझा धाकू आगबोटीवर कामाला होता, बॉयलरात कोळसा मारायचा. दोन महिन्यांच्या रजेवर घरी आला तो डोक्यात बाग घेऊनच. म्हणाला, आणखी दोन वर्षं बोटीवर काढतो, मग कायमचा घरी; तोवर परसात चार झाडं उभी राहू देत. आमचं घर सगळं कातळावर. कुठंही कुदळ मारा, टणकन वाजते. माती बाहेरून आणून घालायची ती एकाच जागी, आणि ती जागा कुठली यावरून आम्हा मायलेकांची आठ दिवस जुंपली.

तो म्हणे विहिरीशी, मी म्हणे न्हाणीमागं. विहिरीशी बाग केली की रोजचं पाणी शेंदणं आलं. तू बसशील दर्यात, इथं तुझ्या बायकोचे हात मोडतील, म्हटलं. न्हाणीमागं कसं, माणसं न्हातात आणि पाणी आपसूक पाटानं झाडांना जातं. घरात तेव्हा आम्ही आठ माणसं. मी, धाकू, सून मालन, धाकटा दीर भिकाजी, त्याची बायको आणि तीन पोरं. धाकू गेला तरी सात राहतात. सात माणसांचं पाणी काय थोडं झालं?

धाकू एवढंच म्हणाला, "आये, बाग विहिरीच्या भरवशावर करावी. माणसांच्या करू नये."

मोठा शहाणा लागून गेलास, असं म्हणून पाटाची रेघ मीच ओढली. त्यानं मग मुकाट्यानं पंधरा दिवस व्हाळातली, ओढ्याकाठची माती पाट्यांनी वाहून आणली. न्हाणीलगत अळू लावलं, पुढं केळी, त्यापुढं दोन पोफळी आणि पाटाच्या अगदी टोकाला एक माड. माडाचं रोप लावताना मालनला सांगत होता, हा तुझ्या कमरेएवढा झाला की मी आलोच समज. मी ओट्यावरून ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

तो गेला आणि वर्षाच्या आत मला अवदसा आठवली. भांडण कशावरून, तर अंघोळीच्या हंड्यावरून. भिकाजीची पोरं सगळं ऊन पाणी संपवायची. एक दिवस मी जावेला बोलून गेले, तुझी पोरं न्हातात की म्हशीसारखी डुंबतात? जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. भिकाजीनं चूल वेगळी केली, वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि पाच माणसांचं पाणी त्यांच्याबरोबर गेलं. राहिल्या दोन बायका. दोघींचं पाणी अळवापर्यंत जायचं आणि तिथंच जिरायचं.

चैत्रात केळींनी माना टाकल्या तशी मी दिवसातून दोनदा न्हायला लागले. मालन हसली. म्हणाली, आये, कुणाच्या लग्नाला निघालात? चार दिवसांनी तीही दोनदा न्हायला लागली. तरी पाणी पोफळींच्या पुढं जाईना. मग माडासाठी मी विहिरीवरून कळशी शेंदून न्यायला लागले, रोज एक. लोक म्हणाले, म्हातारी वेडी झाली. म्हणोत मेले. माझा लेक यायचा होता. भिकाजीला परत बोलवावं म्हणून दोनदा उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि दोनदा मागं घेतला.

दुसऱ्या वर्षीचा वैशाख. माड माझ्या मांडीला लागला होता. दुपारी पावस गावचा काशीराम आला, धाकूच्याच बोटीवरचा. डोक्यावर धाकूची ट्रंक. ट्रंक ओळखली आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. सामान पुढं पाठवून हा मागून रमतगमत येतोय, असं वाटून मी वाटेकडं बघत राहिले. काशीरामानं ट्रंक ओट्यावर ठेवली, पण बसला नाही. तीन दिवस ताप होता, म्हणाला. किनारा लांब होता, दर्यातच सोडावं लागलं. महिना झाला होता.

बातमी वाडीभर गेली. भिकाजी धावत आला, जाऊ आली, पोरं आली, सगळी भावकी जमली. मेल्याचं कानावर आलं की त्याच्या नावानं अंघोळ करायची, ही रीत. विहिरीत पाणी खोल गेलेलं, तरी बाप्यांनी ते शेंदलं आणि एकेक माणूस आमच्या न्हाणीत न्हाऊन निघालं. भिकाजीची तिन्ही पोरं न्हाली. या वेळी कुणी हंडा तापवला नव्हता.

मागच्या दारी मी मालनला धरून बसले होते. पाणी अळवाच्या पुढं गेलं. केळी ओलांडल्या. पोफळी ओलांडल्या. मालननं ते बघितलं, उठली, खोरं घेतलं आणि पाट बुजवायला निघाली.

"आये, त्यांच्या माडाला हे पाणी नको."

मी तिचं मनगट धरलं. बांगड्या नुकत्याच फोडल्या होत्या.

"जाऊ दे गो. त्याच्याच नावाचं आहे."

माडाचं आळं काठोकाठ भरलं. दोन उन्हाळे मी हेच मागत होते देवाजवळ. तिथंच मातीत बसून मी ऊर फुटेस्तोवर रडले.

दिवसकार्य झालं आणि माणसं आपापल्या घरी गेली. भिकाजी जाताना दारात थांबला होता. राहा म्हणायला माझी जीभ तेव्हाही उचलली नाही. आता पुन्हा दोघींचंच पाणी, अळवापर्यंत जातं आणि जिरतं. कळशी मात्र मी अजून नेते. माड कमरेएवढा झालाय.