सतराव्या खेळीचा हत्ती

दर्शना हरली, आणि कशी हरली ते तिचं तिलाच कळेना. दादरला बुद्धिबळाचा निवडीचा डाव होता. शंतनु किंवा दर्शना, दोघांतलं एकच जण राज्याच्या संघात जाणार होतं. तिला ही शेवटची संधी. नोकरीत पुन्हा एवढी रजा कोण देतंय!

आणि तयारी काय कमी होती? तिच्या गुरूंच्या, गौतम सरांच्या लालबागच्या खोलीत तीन महिने इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाची ठरावीक सुरुवात, घासलेलं. "कॉम्प्युटर बघितलास की डोकं गंजतं," असं सर म्हणायचे, म्हणून सगळं त्यांच्या लाकडी पटावर. तेराव्या खेळीला घोड्याची एक नवीच चाल काढलेली, सर आणि ती यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नसलेली. तरी शंतनु मेला भराभर उत्तरं देत सुटला!

डिलाईल रोडला घरी येऊन तिनं चहाही न घेता पट मांडला. स्कोरशीटवरून एकेक खेळी लावत सतरावीपाशी अडली. शंतनुनं हत्ती मागे का घेतला? त्याच्या राजापुढचं प्यादं एक घर सरकलेलं, राजाला पळायला वाट मोकळी. अगदीच फुकटची खेळी. आणि ती बावळट, पाठ केलेलं उत्तर देऊन मोकळी झाली होती.

तिनं ते प्यादं एक घर मागे ठेवून पाहिलं. वाट बंद झाली. आता हत्ती मागे घेणं भागच होतं. अगं बाई, हा तर गुरुवारचा पट! त्या दिवशी सरांकडे ते प्यादं सरकवायचंच राहिलं होतं. दोघांनी तसंच तासभर डोकं खाजवलं, आणि सरांनीच हत्ती मागे नेला. चूक त्या खोलीतली, त्या दोघांची. ती चूक शंतनुपर्यंत नेणारा एकच माणूस उरत होता. अकराव्या वर्षापासून ती या माणसाच्या पाया पडत आली होती. ती उठली आणि तडक लालबागला गेली.

शंतनुला तुम्ही शिकवता का, असं तिनं विचारलं तेव्हा सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "वर्षभर शिकवतोय त्याला. पंधरा वर्षांचा आहे गं, पुढे जाईल. तू आता नोकरीवाली."

"मग माझ्याबरोबर तीन महिने बसलात कशाला?"

सरांनी पटावरचा घोडा उचलला. "तू काय खेळणार, ते ठरवायलाच बसलो होतो. ती घोड्याची चाल मीच सुचवली ना तुला?"

 दर्शना जिना उतरून मसाल्याच्या गिरण्यांपाशी आली आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली. तिखट कुटलं जात होतं, येणारे-जाणारे सगळेच डोळे पुसत होते. तिला कुणी काही विचारलं नाही.