गजर बंद ठेवलेले पंप

नंजनगूडच्या एका नर्सिंग होममधून परत आलेला पंप वादिराजरावांच्या टेबलावर होता. सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगाने शिरेत सोडणारा, साधा पंप. पुसून पाठवला होता, पण खाटेचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. त्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ गेले. रक्तदाबाचं औषध काही वेळ भलत्याच वेगाने गेलं, असं तिथल्या सिस्टरचं म्हणणं. माणूस त्यानेच गेला की जाणारच होता, हे कोणाला सांगता येत नव्हतं. पण असे पंप आणखी पुष्कळ दवाखान्यांत चालू होते.

पंपाचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला हुकूम देणारा प्रोग्राम, वादिराजरावांनीच लिहिलेला. कडकोळच्या या कारखान्यात तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग त्यांची बायको तुंगाबाई आजारी पडली आणि ते रजेवर गेले. त्याच काळात नवा बोर्ड आला. त्याची टच स्क्रीन रेंगाळते अशी ओरड झाली, म्हणून त्यांच्या हाताखालच्या वनजाने कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या कामांना पाळी वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, प्रीएम्प्शन चालू केलं. स्क्रीन पळायला लागली. तुंगाबाई गेल्या. दिवसपाणी उरकून वादिराजराव कामावर आले, नवे पंप चाचणीत महिनाभर फिरवले, एकही चुकला नाही. मग पंप बाहेर गेले.

"राव, तुमच्या चाचणीत चूक येत नाही, अल्ला, हो ना?" मालक चिदंबर दारातूनच आपल्या कानडीमिश्र मराठीत म्हणाला. "मग सुम्ने, उगाच कशाला उकरत बसता? सिस्टरनेच चुकीचा आकडा दाबला असेल."

"दाबला असेल. पण ऐका. मोटरला वेग सांगायचा तर आकडा दोन तुकड्यांत लिहावा लागतो. आधी मागचा, मग पुढचा. जुन्या कर्नलात ड्रायव्हर सोवळ्यात असल्यासारखा. एकदा आत गेला की आपणहून बाहेर येईपर्यंत दुसरं काम त्याला शिवत नसे. इंटरप्ट, म्हणजे मधेच येणारी हाक, यायचा, पण तोही दारातून निरोप ठेवून जायचा. आता तसं नाही. जास्त तातडीचं काम आलं की ते याला अर्ध्यावर उठवतं आणि स्वतः बसतं."

"म्हणजे मी बाटवलं," शेजारच्या टेबलावरून वनजा म्हणाली. लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्यांची मुलगी, जीभ कात्रीसारखी.

"बाटवायला अर्ध्यात येतं कोण, ते सापडत नाही."

"सापडेल तेव्हा सांगा," म्हणून चिदंबर गेला.

वादिराजराव चिकटपट्टीकडे बघत बसले. मोटरला वेग सांगणारं दुसरं काम एकच होतं. सिरिंज संपत आली की गजर वाजवायचा आणि मोटर हळू करायची. ते काम सगळ्यांत तातडीचं ठेवलेलं. महिनाभर चाचणी चालली, सिरिंजा कितीतरी वेळा संपल्या असतील. आणि आपण या खोलीत एकदाही गजर ऐकला नाही.

"वनजा, गजर का वाजत नाहीत?"

तिने हातातली सिरिंज खाली ठेवली.

"तुम्ही परत आलात त्या दिवशी वाजले होते, सर. तुम्ही उठून बाहेर गेलात. दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी उभे होतात. म्हणून मी चाचणीतून गजराचं कामच काढून टाकलं."

"नुसता आवाज बंद करायचा होतास."

"त्याला प्रत्येक पंप उघडून वायर काढावी लागते. हे एका ओळीत झालं."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगणार होते मी?"

शेवटच्या आठवड्यात तुंगाबाईंच्या उशाशी असाच पंप होता. दुसऱ्या कंपनीचा, पण गजर तसाच. तो वाजला की त्या डोळे उघडून विचारायच्या, संपलं का? ते म्हणायचे, औषध संपलंय गं, सिस्टर येतेय.

"ती ओळ परत घाल," ते म्हणाले.

"तुम्ही बाहेर थांबा. मी बघते."

"घाल."

सिरिंजा संपत आल्या तसे मांडणीवरचे चाचणीचे पंप ओरडायला लागले. आधी एक, मग सगळी मांडणी. वादिराजरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि स्क्रीनवरून नजर हलवली नाही. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. वनजा रिकाम्या सिरिंजा काढून भरलेल्या लावत होती, पंप पुन्हा ओरडत होते. जेवणाच्या सुट्टीआधी एक पंप चुकला. वेग हवा होता तीनशे. गजराने तो नव्याण्णववर आणायचा होता. मोटर चालली तीनशे नव्याण्णवने. एकाचा पुढचा आकडा, दुसऱ्याचे मागचे.

"तो तुकडा होईपर्यंत प्रीएम्प्शन बंद ठेवूया का?" वनजाने कानाशी येऊन विचारलं.

"नको. दोन तुकड्यांच्या मध्ये मोटरसाठी थांबावं लागतं. तेवढा वेळ बाकी सगळी कामं अडतील, स्क्रीन पुन्हा रेंगाळेल. म्यूटेक्स लाव. कुलूप ज्याच्याकडे त्याने दोन्ही तुकडे लिहायचे, गजराने तोवर दाराबाहेर थांबायचं."

कुलूप लावून पंप पुन्हा फिरवले. संध्याकाळपर्यंत एकही चुकला नाही. पण हे पंप खोलीतले होते. दवाखान्यांतले तसेच चालू होते.

चिदंबरने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसला. "परत मागवा. पण सर्व्हिस आहे म्हणायचं, राव. जास्त एक शब्द नको. वीस माणसं जेवतात इथे."

वादिराजरावांनी विजयनगरमधल्या एका दवाखान्याला फोन लावला. सिस्टर कन्नडमध्ये बोलत होती.

"तो पंप आत्ता कोणाला लावलाय?"

"लावलाय. एक बाई आहेत."

"तो काढा. औषध सलाईनमधून थेंब मोजून द्या."

"डॉक्टर यायचेत अजून. सर्व्हिसच आहे ना, मग उद्या या की."

चिदंबर समोरून मान हलवत होता. वादिराजरावांनी त्याच्याकडे पाठ केली.

"सर्व्हिस नाही. त्यातून औषध जास्त जाऊ शकतं."

"कोणाला काही झालंय का?"

"एक गृहस्थ गेले."

"पंपाने?"

"ते सांगता येत नाही. कधीच येणार नाही. पण पंप चुकतो, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं."

सिस्टरने फोन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. पावलं लांब गेली. बऱ्याच वेळाने ती परत आली.

"काढला," ती म्हणाली. "बाईंचे यजमान विचारतायत, का काढला. काय सांगू?"

"त्यांना फोन द्या," वादिराजराव म्हणाले.