सुरक्षा सप्ताहाचे तीन टी-शर्ट

छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळले, तेव्हाच वसंतराव राजूरकरांना संशय आला. पिपलानीच्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. इतका साफ माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. नक्की कुणीतरी कानस मारून बसवलंय, असं त्यांचं म्हणणं.

मुलगा कौस्तुभ मूळ ग्वाल्हेरचा, आता मिसरोदला राहणारा. वसंतरावांच्या लेकीला, गौरीला, तो मनापासून आवडला होता. पण बाबांनी पास केल्याशिवाय या घरात गॅसचा सिलिंडरही आत येत नसे.

गौरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. बाबांच्या डोक्यातून पत्रिका जावी म्हणून तिने मुळापासून सुरुवात केली. नर-मादी हा प्रकार तसा घाट्याचाच. एकट्या जिवाने स्वतःची कॉपी काढली की झालं, ना बघण्याचा कार्यक्रम, ना मानपान. पण सगळे सारखे झाले की रोगजंतूंना एकच चावी पुरते, अख्खी कॉलनी साफ. म्हणून दर पिढीत दोघांची कुलपं मिसळून नवं कुलूप करायचं. काहींचं तर म्हणणं, वेगळ्या कुलपाच्या माणसाचा वास आपल्याला बरा वाटतो. त्यावर अजून भांडणं चालू आहेत, हेही तिने सांगितलं. ते मात्र वसंतरावांनी ऐकलं नाही.

"म्हणजे तेहतीस जुळणं हाच डिफेक्ट," ते म्हणाले. "टेस्ट घ्यावी लागेल."

रविवारी सकाळी त्यांनी कौस्तुभला बरखेड्याच्या क्लबात बॅडमिंटनला बोलावलं. तुलनेसाठी स्वतः उतरले आणि शेजारच्या हेमंतरावांनाही घेतलं. तिघांना घालायला कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहातले एकसारखे टी-शर्ट. खेळ संपल्यावर होणारे सासरे घामट शर्ट काढून मागताहेत म्हटल्यावर कौस्तुभ जरा मागे सरकला, पण संस्कारी मुलगा, दिला काढून.

घरी तीन पिशव्या टेबलावर लागल्या. वर फक्त नंबर. कोणता कोणाचा, ती चिठ्ठी वसंतरावांच्या खिशात.

एक आणि तीन नंबरला गौरी काही बोलली नाही. दोनला तिने नाक मुरडलं. बंद कपाटासारखा वास येतो म्हणाली. बाबांच्या मिशीखाली हसू फुटलं आणि आपण कुणाला नापास केलं ते तिला कळलं. आपल्याच विज्ञानाने आपलं लग्न मोडलं होतं.

वसंतरावांनी पेन उघडलं. पण एकाच्या सांगण्यावर माल रिजेक्ट करायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. दुसरी सही हवी. म्हणून मेथी निवडत बसलेल्या बायकोला, सुशीलाबाईंना, हाक गेली. कशाचा वास, कशासाठी, काही सांगितलं नाही.

एक नंबरला सुशीलाबाईंनी तोंडावर पदर धरला. दोन ठीक. तीनवर मात्र त्या थांबल्या. पुन्हा वास घेतला. मग आणखी एकदा, डोळे मिटून.

"अहो, हा कोणाचा?"

वसंतरावांनी चिठ्ठी काढली नाही. एक नंबर त्यांचा स्वतःचा होता. तीन हेमंतरावांचा. गेली बावीस वर्षं हेमंतराव राजूरकरांकडे दर शनिवारी चहाला येत होते, आणि दर शनिवारी चहात आलं पडत होतं. बाकी सहा दिवस नाही. हे आत्ताच का आठवलं, हे त्यांना कळेना.

"मी काय विचारतेय? तीन कोणाचा?"

"कौस्तुभचा," वसंतराव म्हणाले. चौतीस वर्षांतला पहिला खोटा रिपोर्ट.

गौरीने बाबांकडे पाहिलं. मग दोन नंबरच्या पिशवीकडे. मग तिने शहाण्या मुलीसारखं छताकडे पाहिलं.

"अगं बाई, मग बघता काय? लावा फोन त्यांच्या घरी," सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि तो एक नंबर?"

"हेमंतचा."

त्या मेथीकडे परत जाता जाता म्हणाल्या, "बिचारे. एकटा माणूस, सांगणारं कोणी नाही. शनिवारी मीच सांगते त्यांना, नीट आंघोळ करत जा म्हणून."

"तू काही सांगू नकोस," वसंतराव म्हणाले आणि ग्वाल्हेरचा नंबर फिरवू लागले.