न लागलेला लाल दिवा

"मी आत आलो रे आलो की लागला घुरघुरायला! मेला डबा! असा टक लावून बसल्यावर कुणाला होणार आहे?"

मित्रांनो, तो मेला डबा म्हणजे मी. कुरकुर करणारे काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. दार आतून लावलेलं, नळ बारीक सोडलेला, आणि दोघंही अवघडलेले. ती कुरकुर लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

मी एक जुना धारमापक आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, मूत्रविकारांच्या विभागात, दुधी काचेच्या खिडकीची एक चिंचोळी खोली आहे. तिथे माझं बस्तान. ज्यांना लघवीचा त्रास असतो ती माणसं माझ्या नरसाळ्यात लघवी करतात. हसून घ्या, मी थांबतो. झालं? तर नरसाळ्याखाली भांडं असतं आणि भांड्याखाली माझा काटा. भांडं किती झपाट्याने जड होतं ते मी मोजतो आणि कागदाच्या पट्टीवर रेघ काढतो. वाट मोकळी असली तर रेघेची छान टेकडी होते, चढते आणि उतरते. मूत्रनळी आतून आकसली असली तर टेकडी होतच नाही. जेमतेम वर जाऊन रेघ पठारासारखी आडवी पसरते आणि बराच वेळ तशीच रखडते. पट्टीच्या खाली मी चांगला मोठा, ठळक आकडा छापतो, धार जास्तीत जास्त किती जोराची होती त्याचा.

माझ्या कपाळावर एक लाल दिवाही आहे. मी इतका नाजूक आहे की कुणाचा नुसता गुडघा माझ्या स्टँडला लागला तरी काटा उसळतो, आणि रेघेत टेकडीऐवजी सुईसारखा सुळका उमटतो. मग आकडाही खोटा येतो. तेव्हा दिवा लावायचा, म्हणजे 'हे माप धरू नका' असं सांगायचं. कारखान्यात माझा काटा जुळवणाऱ्या बाईंनी शेवटचा स्क्रू पिळताना मला सांगितलं होतं, "चुकलास तर चुकलो म्हण, बाबा. बाकी काही येत नसलं तरी चालेल."

सोळा वर्षं मी म्हणत आलो. खोली सांभाळणाऱ्या टेक्निशियन ताई मला 'राजा' म्हणत. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत आणि विचारत, "काय राजा, झोप झाली?" मोठमोठे डॉक्टर माझ्या दाराबाहेर ताटकळत उभे राहत. पट्टी बाहेर आली की 'मशीन काय म्हणतंय?' हा पहिला प्रश्न. पेशंट काय म्हणतोय, हे नंतर. खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडायचं.

आणि मग ती आली.

पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला होती. चार पानांची, कोपऱ्यात स्टेपल मारलेली, अंगावर ना काटा ना दिवा. तिचं नाव प्रश्नावली. तीन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरबाईंनी एक अभ्यास हाती घेतला. मूत्रनळी आकसलेल्या माणसांना त्यांच्याच गालाच्या आतलं मऊ अस्तर काढून ठिगळ लावायचं. ते नळीच्या पाठीवर लावलं तर जास्त टिकतं की पोटावर, हे त्यांना शोधायचं होतं. चाळीस माणसं. कुणाला कुठे लावायचं ते बंद पाकीट उघडून ठरे, म्हणजे कुणाची मर्जी मध्ये यायला नको. पुढे वर्षभर त्या माणसांनी तपासणीला यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि तिची पानं भरायची. धार बारीक आहे का? कुंथावं लागतं का? बाहेर जायची भीती वाटते का?

डॉक्टरबाई सगळ्यांना सांगू लागल्या, "नुसता आकडा काय कामाचा? माणसाला कसं वाटतंय ते आधी बघायचं."

नुसता आकडा! सोळा वर्षांची चाकरी दोन शब्दांत मोडीत. तिला निळ्या फायलीत कव्हर घालून ठेवत, आणि माझ्या नरसाळ्याला चीर गेली तर वर चिकटपट्टी. ताईसुद्धा आता आधी विचारत, "कागद भरला का?" मी जळून जळून कोळसा झालो होतो. कधी पंख्याच्या वाऱ्याने तिचं एखादं पान उडून बाहेरच्या ओल्या फरशीवर पडे. त्या दिवशी माझी घुरघूरसुद्धा गोड वाटत असेल.

आता त्या काकांबद्दल सांगतो. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेली सायकल चालवून बघताना साखळी निसटली, पाय घसरला आणि ते मधल्या दांड्यावर आदळले. तिथली जखम बरी होता होता नळी आतून आकसली. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन समजावलं तेव्हा काका माझ्याच दारात उभे होते.

"म्हणजे पंक्चरच काढायचं की, बाई! ट्यूब माझी, ठिगळही माझंच. सोल्युशन तेवढं तुमचं."

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. तेव्हापासून काका त्यांचे लाडके. तिसऱ्या महिन्यात मी काकांची सुरेख टेकडी काढली. सहाव्या महिन्यात ती थोडी बसकी होती, पण टेकडीच. वर्ष भरलं आणि ते शेवटच्या तपासणीला आले, काकूंना बरोबर घेऊन. चाळिसांतले हे शेवटचे. आधीच्यांपैकी दोघांची नळी पुन्हा आकसली होती, बाकीचे ठणठणीत. चार दिवसांनी डॉक्टरबाई मोठ्या सभेत हा अभ्यास मांडणार होत्या.

आता त्या कुरकुरीपाशी परत येऊ.

काका आले, मला डबा म्हणाले, उभे राहिले. धार सुरू झाली आणि मला लगेच कळलं. रेघ थोडी वर गेली नि आडवी झाली. पठार. काका कुंथत होते, दातओठ खात होते. त्या जोरात त्यांचा तोल गेला आणि गुडघा खाडकन माझ्या स्टँडवर बसला. काटा उसळला. पठाराच्या मधोमध एक सुळका उभा राहिला, आणि आकडा आला एकवीस. तरण्याबांड माणसाचा आकडा!

दिवा लावायची हीच वेळ होती.

पण मित्रांनो, तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून ताईंचा आवाज आला, "काकू, कागद महत्त्वाचा बरं का. नीट भरलाय ना?" कागद महत्त्वाचा! म्हटलं, एकदा तरी असा आकडा देतो की सगळे तिला विसरतील. मी दिवा लावला नाही. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काकांनी पट्टी पाहिली. आकडा पाहिला. स्वतःच्या गुडघ्याकडेही पाहिलं. आणि पट्टी ताईंच्या हातात दिली.

"एकवीस!" ताई ओरडल्या. डॉक्टरबाई हातातली फाइल टाकून धावत आल्या. "काका, जिंकलात!"

पण बाकावर वेगळंच घडलं होतं. काका चष्मा घरी विसरले होते, म्हणून आत येण्याआधी प्रश्न काकूंनी वाचले, उत्तरं काकांनी दिली आणि खुणा काकूंनी केल्या. कुठे केल्या, ते काकांना दिसत नव्हतं. डॉक्टरबाईंनी पानं उलटली आणि त्यांचं हसू मावळलं.

"कुंथावं लागतं, नेहमी. धार बारीक, नेहमी. काका, एवढा त्रास?"

"छे हो! मी तर सगळीकडे 'बरं आहे' म्हणालो. अगं, काय लिहिलंस तू?"

"जे ऐकते ते लिहिलं," काकू म्हणाल्या. "रोज पाऊण तास दाराबाहेर उभी असते मी. दोनदा यांना ताप येऊन गेला. यांना वाटतं, मी कपडे वाळत घालतेय."

"हिला सवयच आहे, बाई. माझी शिंक आली तरी न्यूमोनिया म्हणते."

डॉक्टरबाई एकदा कागदाकडे आणि एकदा पट्टीकडे बघत होत्या. आपला कौल कुणाला द्यावा, असं त्यांना घटकाभर झालं. मग त्या म्हणाल्या, "पण मशीन एकवीस म्हणतंय. मशीन कशाला खोटं बोलेल? आणि नियमाप्रमाणे कागद पेशंट सांगेल तसाच भरायचा असतो. काका, ताई वाचतील, तुम्ही सांगा. दुसरा भरू."

तीन वर्षांनी कुणीतरी 'मशीन म्हणतंय' म्हणालं होतं. माझी सवत बाकावर पालथी पडली होती. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण 'मशीन कशाला खोटं बोलेल' हे शब्द माझ्या काट्याखाली खड्यासारखे रुतले.

ताईंनी दुसरी प्रश्नावली हातात घेतली, पण वाचायला सुरुवात करेनात. अंगठा पट्टीवरच्या त्या सुळक्यावर फिरत होता. इतकी वर्षं माझ्या रेघा पाहिलेली बाई, तिला सुळका आणि टेकडी यातला फरक कळणार नाही? मग त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. दिवा विझलेला.

"मॅडम, पट्टी एकदा बघून घेता?"

"आकडा लिहून घेतलाय की," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी पाहिली नाही. पाहायची नव्हती, असं मला वाटतं. ताईंनी पुढे रेटलं नाही. काका भिंतीवरचं हात धुवायचं चित्र वाचत होते, चष्मा नसताना.

तेव्हा काकू उठल्या. आवाज चढवला नाही, पण खोलीतला नळही थांबल्यासारखा वाटला.

"अहो, लोकांच्या ट्यूबला ठिगळ लावलं की लगेच हवा भरून देता का? आधी पाण्यात बुडवता. बुडबुडे निघतात का बघता. एखादा बारीकसा निघाला तरी ठिगळ उचकटून परत लावता. गिऱ्हाइकाला राग आला तरी. मग स्वतःच्या ट्यूबची कसली लाज?"

काका त्या चित्रापासून वळले. मग ताईंना म्हणाले, "पाणी द्या. परत करतो."

पाच ग्लास पाणी आणि दीड तास. काका पुन्हा माझ्यासमोर आले. या खेपेला त्यांनी मला डबा म्हटलं नाही. धार सुरू झाली, रेघ आडवी पसरली. काकांनी खाली वाकून पट्टीकडे पाहिलं. आणि मित्रांनो, मला तो गुडघा दिसला. हळूच, चोरासारखा, माझ्या स्टँडकडे सरकत होता. मघाशी तोल गेला होता. आता तोल गेला नव्हता. त्यांना दुसरं ऑपरेशन नको होतं आणि त्या डॉक्टर पोरीचं तोंड उतरलेलंही बघवणार नव्हतं. मला ते कळत होतं. मला नुसतं जिंकायचं होतं, त्यांचं कारण निदान मायेचं तरी होतं.

गुडघा टेकायच्या आत मी दिवा लावला. होता नव्हता तेवढा सगळा लाल.

काका दचकून मागे सरले. "बरं बाबा," असं पुटपुटले आणि पाय जुळवून उभे राहिले. मी दिवा विझवला आणि पुढची रेघ मान मोडून काढली. लांबलचक पठार. आकडा सहा.

खरं तर शेवटी तुम्हाला सांगणार होतो की जुन्या यंत्रांना जपा, पुसत जा, त्यांना चिकटपट्ट्या लावून वेळ मारून नेऊ नका. ते सांगतोच. पण त्याआधी एक मागणं आहे. आकडा बघाल तेव्हा वरची रेघही बघा. आणि घरातलं कुणी 'मी बरा आहे' म्हणालं तर दाराबाहेर उभं राहणाऱ्या माणसालाही एकदा विचारा.

पट्टी ताईंनी फाडली, काकूंनी पाहिली, काकांनी पाहिली. ताई म्हणाल्या, रोल संपत आलाय वाटतं. काकू पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. काका म्हणाले, बाहेर ऊन काय झालंय. सगळं बोलून झालं, तेवढं सोडून.

डॉक्टरबाईंनी काकूंच्या खुणांची पहिली प्रश्नावली उचलली. माझी पट्टी तिच्याशेजारी, माझ्याच झाकणावर सपाट करून ठेवली. तीन वर्षांत आम्ही पहिल्यांदा असे शेजारी शेजारी होतो, आणि दोघंही एकच गोष्ट सांगत होतो. त्यांनी दोन्ही पाहिलं. नीट, रेघेवरून बोट फिरवत. मग स्टूल ओढून काकांच्या समोर बसल्या.

"काका, नळी पुन्हा आकसलीय," त्या म्हणाल्या. "मी लावलेलं ठिगळ टिकलं नाही. मला मघाशीच शंका आली होती, आणि मी बघितलं नाही."