फिर्मिनोचं दुसरं पोट

मी फिर्मिनोचं पोट बोलतोय. त्याच्या शर्टाखालचं खरं पोट नव्हे, मेणाचं. खऱ्या पोटाला वाचा फुटली असती तर ते 'आणखी वाढा' याच्यापुढे गेलंच नसतं. म्हणून आम्हा दोघांच्या वतीने मीच बोलतो.

आमचं गाव पोर्तुगालात, आलेंतेजूच्या रानात, बुचाच्या झाडांमध्ये. गेल्या हिवाळ्यात फिर्मिनोचं पोट असं रुसलं की भाताची पेजसुद्धा आत राहीना. मग भूकच गेली. त्याची बायको देओलिंदा ताट वाढायची, तो ते सरकवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखे लोंबायला लागले. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा देओलिंदाने लिस्बनच्या टेकडीवरच्या मारियामातेला नवस बोलला. "माते, याला भूक दे. मी त्याच्या पोटाच्या मापाचं मेणाचं पोट तुझ्या पायाशी आणून वाहीन. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही."

घाबरलेली बाई नवस बोलताना माप-बिपाचा विचार करून बोलत नाही. पण मातेला दिलेला शब्द तो शब्द.

वसंतात भूक आली. ती पाहुणीसारखी नाही आली, घरजावयासारखी आली.

मेणबत्तीवाल्या ज़ेफेरिनोकडे हाताचा साचा होता, पायाचा होता, गाईच्या सडांचासुद्धा होता. पोटाचा नव्हता. त्याने मला पाव फुगवायच्या वाडग्यात ओतलं. देओलिंदाने एप्रनच्या बंदाने आधी नवऱ्याला मापलं, मग मला, आणि समाधानाने माझ्या मधोमध अंगठा दाबला. ती माझी बेंबी.

लिस्बनला जायला फिर्मिनो एका अटीवर तयार झाला. "राजधानीत जाऊन नुसतं देऊळ बघून परतणारा गाढव मी होणार नाही. किल्ला बघू, नदी बघू, चार ठिकाणी खाऊ. मग तुझी माता."

"आधी माता," देओलिंदा म्हणाली.

"उपाशीपोटी टेकडी चढू? मग दुसरा नवस बोलावा लागेल तुला."

मला टोपलीत, भरतकामाच्या रुमालात गुंडाळून ठेवलं. स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या लसणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा पाव आला. देओलिंदा कौतुकाने बघत होती. "खा रे, सावकाश खा." दुसरा पाव आला. तिसऱ्याला फिर्मिनोच्या शर्टाचं बटण उडून शेजारच्या माणसाच्या कॉफीत पडलं.

देओलिंदाचा चेहरा उतरला. तिने भर चौकात एप्रनचा बंद काढला. "शर्ट वर कर."

"अगं बाई, लोक बघतायत!"

"बघू देत. माताही बघतेय."

बंद त्याला पुरेना. मी लहान पडलो होतो.

"आता काय?" ती रडवेली झाली. "खोट्या मापाचं पोट वाहिलं आणि तुझं दुखणं परत आलं तर?"

फिर्मिनोने मिशी पुसली. "एवढंच ना? मग मेणालाही खायला घाल."

तो चेष्टेने बोलला होता. पण तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्ती घेतली, नदीकाठच्या तापलेल्या कठड्यावर ठेवून मऊ केली आणि कणीक थापावी तशी माझ्यावर थापली. माप जुळलं. मला पहिल्यांदाच जेवल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी आम्ही लिस्बन असं पाहिलं. किल्ल्यावर त्याने गोगलगाई खाल्ल्या, टाचणीने एकेक ओढून, आणि वर रस्सा पावाने पुसून घेतला. मला एक मेणबत्ती मिळाली. नदीकाठच्या मनोऱ्यापाशी अंड्याच्या गोड साईने भरलेली, दालचिनी भुरभुरलेली पाश्टेल झाली, गरम, खरपूस, सालपट ओठांना चिकटणारी. मला दोन मेणबत्त्या. चेरीची दारू त्याने उभ्याउभ्या घेतली. "हे पातळ आहे, हे धरायचं नाही," असं तो म्हणाला, पण देओलिंदाने माझ्यावर पातळ थर दिलाच. किल्ला कसा होता, मनोरा कसा होता, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. वाटेत कुठली कुठली पाहुणी मंडळी फिर्मिनोच्या उघड्या पोटाचे फोटो काढत होती. तो त्यांच्याकडे बघून ऐटीत हात हलवायचा.

एका मेणबत्तीवालीला राहवेना. "अहो सेन्योरा, नवऱ्यालाच थांबवा ना."

देओलिंदा माझ्यावर मेण थापता थापता म्हणाली, "हिवाळाभर ज्याला दोन घास खा म्हणून विनवलं, त्याला आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

मेणबत्तीवालीने मग एक मेणबत्ती पैसे न घेता दिली.

संध्याकाळपर्यंत मी टोपलीत मावेनासा झालो. फिर्मिनोने मला कडेवर घेतलं. ट्राममध्ये चढताना त्याचं एक पोट दारात अडकलं आणि दुसरं चालकाच्या नाकाला लागलं.

"हे काय आहे?" चालकाने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं पोट," देओलिंदा म्हणाली.

"आणि शर्टातलं?"

"तेही त्याचंच."

"आलेंतेजूची संथ माणसं वाटतं," मागून एक म्हातारी म्हणाली. "चढायला एवढा वेळ लागला तेव्हाच ओळखलं मी. उठ रे जुझे, पोटाला बसायला जागा दे."

तिचा नवरा जुझे उठला. मी खिडकीशी बसलो. म्हातारीने उतरताना माझ्या बेंबीला हात लावून तो कपाळाला लावला आणि जुझेकडे बघत पुटपुटली, "याला भूक लागत नाही हो हल्ली."

टेकडीवर चॅपल बंद व्हायची घंटा सुरू झाली होती. देओलिंदाने पायरीवरच शेवटचं माप घेतलं. फिर्मिनोने श्वास आत ओढला.

"श्वास सोड. मातेशी लबाडी नाही."

त्याने सोडला. बंदाची दोन्ही टोकं बरोबर भेटली. माझ्याभोवतीही तशीच भेटली. तिच्याजवळ आता एकही मेणबत्ती उरली नव्हती.

आणि तेवढ्यात शेजारच्या दारात निखाऱ्यांवर सार्डीन मासे चुरचुरले. भाजणाऱ्या बाईने पावावर एक जाडजूड मासा ठेवला, त्याची चरबी पावात मुरत होती. "घे रे राजा, गरम आहे."

फिर्मिनोचं पाऊल तिकडे वळलं. देओलिंदाने बंद पुन्हा हातात घेतला. घंटा वाजत होती. मी मेणाचा, तरी मला घाम फुटला.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. उन्हाने लाल झालेलं नाक, कोपरापर्यंत वाळलेलं मेण.

"नको," तो बाईला म्हणाला. "पोट भरलं."

देओलिंदा पांढरीफटक पडली. ताट सरकवताना तो हेच म्हणायचा, अगदी हेच. ती धावत गेली, त्याच्या कपाळाला मेणकट हात लावला. "दुखतंय? खरं सांग मला, फिर्मिनो, दुखतंय का?"

"अगं वेडे, दुखत नाहीये. भरलंय. गोगलगाई, पाश्टेल, सगळं आहे तिथे. माणसाचं पोट भरतं कधीतरी." मग त्याचा आवाज हळू झाला. "तू काय खाल्लंस सकाळपासून?"

"हात मेणात. खाऊ कशाने?"

त्याने मला पायरीवर ठेवलं, तो पाव घेतला, माशाचे काटे काढले आणि तिला घास भरवला. ती रडत होती आणि चावत होती. घंटा थांबली. दार लावायला आलेली, चॅपल सांभाळणारी पिएदादे किल्ली हातात धरून उभी राहिली. "होऊ दे जेवण," ती एवढंच म्हणाली.

मग माशाच्या त्याच हातांनी त्याने मला उचललं आणि आम्ही तिघं आत गेलो.

तेव्हापासून मी मातेच्या पायाशी आहे. इथे पाय आहेत, हात आहेत, एक डावा कान आहे. सर्वांत मोठा मी. येणारे जाणारे मला भोपळा समजतात. पोटात निरनिराळ्या दुकानांचं मेण असल्यामुळे मला पट्टे आहेत, आणि तिसऱ्या थरात पाश्टेलचं एक सालपट अडकलंय. त्याच्या वासाने मुंग्या येतात. त्यांना मी काही बोलत नाही.

शरद लागला की पिएदादे आम्हाला वितळवून मेणबत्त्या करते. मला भीती नाही. माझ्यातून पुष्कळ निघतील. फक्त एक विनवणी आहे. तुमच्या घरी कुणी ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर माझ्यातली एक घेऊन जा आणि जेवणाच्या मेजावर लावा. वास थोडा माशांचा येईल. येऊ दे. त्या वासाने कदाचित तो या कुशीवर वळेल.